कशासाठी पात्र?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत एक अर्ज वाचला गेला. चर्चच्या सभागृहाचे छप्पर गळू लागले होते, दुरुस्तीसाठी निधी हवा होता, आणि आमच्यातल्याच चार-पाच तरुणांनी त्यासाठी एक योजना सुचवली होती. चार शनिवारी रात्री सभागृहात पोकरच्या पात्रता फेऱ्या भरवायच्या. प्रवेशमूल्य प्रत्येकी ५५० रुपये. त्यातले ५० रुपये छपरासाठी, उरलेले ५०० बक्षिसाच्या निधीत. ह्या फेऱ्यांत जिंकणाऱ्यांना गोव्यातील एका कॅसिनोत होणाऱ्या ५,५०० रुपयांच्या दुसऱ्या पात्रता फेरीत प्रवेश, आणि तिथे जो जिंकेल त्याला ५५,००० रुपये प्रवेशमूल्य असलेल्या मुख्य स्पर्धेत जागा.

अर्ज नीटनेटका होता आणि भाषा नम्र होती. एका वयोवृद्ध बाईंनी विचारले, "हा जुगार नव्हे का रे?" अर्जदारांपैकी एकाने शांतपणे उत्तर दिले, "मावशी, सणाला आपण हाऊजी खेळतो, रॅफलची तिकिटे घरोघर खपवतो. ते चालते, मग हेच का नको?" त्यावर सभेत कोणी काही बोलले नाही. फादरांनी विषय पुढच्या बैठकीवर टाकला आणि प्रार्थना होऊन सभा संपली.

गप्प बसणाऱ्यांत मीही होतो. त्या मुलाचा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला प्रामाणिक उत्तर मिळायला हवे होते. "जुगार वाईट" एवढे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तेवढ्याने सुशिक्षित तरुणाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. म्हणून मी ह्या पात्रता फेऱ्यांचा व्यवहार समजून घेतला, कागद-पेन्सिल घेऊन त्याचा हिशेब केला. तो हिशेबच आज वाचकांपुढे मांडत आहे. माझा आक्षेप पत्त्यांना नाही. माझा आक्षेप ह्या जिन्याला आहे, आणि त्या जिन्याची पहिली पायरी आपल्या चर्चच्या अंगणात बसवण्याला आहे.

आधी खेळ कसा चालतो ते पाहू. स्पर्धेत बसणाऱ्या प्रत्येकाला सारख्याच संख्येच्या चिप मिळतात. ह्या चिपांना बाजारात किंमत नसते. त्या संपल्या की खेळाडू बाद. प्रत्येक डावात दोन खेळाडूंना, पाळीपाळीने, पत्ते पाहण्याआधीच काही चिप सक्तीने मध्ये टाकाव्या लागतात. त्यांना ब्लाइंड म्हणतात. ठरावीक मिनिटांनी ही सक्तीची रक्कम वाढत जाते, म्हणजे नुसते स्वस्थ बसून राहिले तरी पुढ्यातला ढीग वितळत जातो. साध्या स्पर्धेत पहिल्याला सर्वांत मोठे बक्षीस, दुसऱ्याला त्याहून लहान, असे खाली उतरत जाते. पात्रता फेरीचे तसे नसते. तिथे जमलेल्या पैशांतून पुढच्या स्पर्धेच्या जितक्या जागा विकत घेता येतील तितकी बक्षिसे, आणि ती सगळी सारखी. अकरा जागा असतील तर अकरा जण उरेपर्यंत खेळायचे आणि थांबायचे. बारावा रिकाम्या हाताने घरी जातो. उरलेल्या अकरांना रोख पैसे मिळत नाहीत. मिळते ती पुढच्या टेबलावरची खुर्ची. ती खुर्ची बहुतेक ठिकाणी दुसऱ्याला विकता येत नाही की परत करून पैसे घेता येत नाहीत.

आता आमच्या अर्जातलेच आकडे घेऊ. चार शनिवार मिळून १२१ जण बसले असे धरू. प्रत्येकाचे ५०० रुपये बक्षिसाच्या निधीत गेले, म्हणजे ६०,५०० रुपये जमले. त्यातून ५,५०० रुपयांच्या अकरा जागा निघाल्या. हे अकरा जण गोव्याला गेले. तिथेही प्रत्येक ५,५०० पैकी ५०० रुपये शुल्क म्हणून कापले गेले आणि ५,००० रुपये निधीत पडले. अकरा जणांचे मिळून झाले ५५,००० रुपये, म्हणजे मुख्य स्पर्धेची एक जागा. त्या ५५,००० पैकीही ५,००० रुपये शुल्क, आणि मुख्य स्पर्धेच्या बक्षीसनिधीत प्रत्यक्ष पडले ५०,००० रुपये.

आरंभी १२१ जणांनी खिशातून काढलेली रक्कम होती ६६,५५० रुपये. शेवटी टेबलावर पोहोचले ५०,०००. मधले १६,५५० रुपये वाटेतच गळाले: ६,०५० आमच्या छपराला आणि १०,५०० कॅसिनोला. म्हणजे मुख्य स्पर्धेतला पहिला पत्ता वाटला जाण्यापूर्वीच जवळजवळ शेकडा पंचवीस रुपये गेले. आता दुसरा माणूस पाहा. हा श्रीमंत आहे. तो जिना चढत नाही, सरळ ५५,००० रुपये भरून मुख्य स्पर्धेत बसतो. त्याचे शुल्क किती? ५,०००, म्हणजे शेकडा नऊ. जो मधल्या पायरीवर ५,५०० भरून बसतो, त्याला शेकडा सतरा. आणि जो अगदी खालून, साडेपाचशे रुपये घेऊन सुरुवात करतो, त्याला शेकडा पंचवीस.

वाचकहो, ह्या तीन आकड्यांकडे नीट पाहावे: नऊ, सतरा, पंचवीस. "गरिबालाही श्रीमंताच्या टेबलावर बसता येते" अशी ह्या फेऱ्यांची जाहिरात होते. बसता येते हे खरे आहे. पण त्या बसण्यासाठी सर्वांत जास्त भाडे त्याच्याकडूनच घेतले जाते. आणि ते प्रत्येक पायरीवर थोडे थोडे घेतले जात असल्यामुळे त्याच्या लक्षातही येत नाही. सावकाराचे व्याज असेच चढते. कर्ज जितके लहान आणि कर्जदार जितका गरजू, तितका व्याजाचा दर मोठा, हे आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

इथे कोणी म्हणेल, "पण एक जण तर पोहोचला ना?" पोहोचला. परंतु अशा मोठ्या स्पर्धांत साधारणतः शंभरातल्या दहा-पंधरा जणांनाच काही ना काही बक्षीस मिळते आणि बाकीचे रिकाम्या हाताने परततात. ज्यांना मिळते त्यांच्यातही तळाच्या बऱ्याच जणांना प्रवेशमूल्याच्या दीड-दोन पटीपलीकडे काही मिळत नाही. मोठी रक्कम वरच्या मोजक्या जागांवर साठलेली असते. सगळे खेळाडू सारख्याच वकुबाचे आहेत असे धरले तर आमच्यासारख्या सात ते दहा धर्मग्रामांनी आपापले १२१ जण बसवावेत, तेव्हा कुठे त्या सर्वांमिळून एकाच्या हाती, सरासरीने, काहीतरी पडेल. त्यातही जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के आयकर आहे. गोव्याला जाण्या-येण्याचे भाडे, राहण्याचा खर्च, बुडलेली रोजी ह्यांचा हिशेब वेगळाच. आमच्या अकरा जणांपैकी दहा जण गाडीत बसून रिकामे परत येणार आहेत, हे अर्जात लिहिलेले नव्हते.

शिवाय हा हिशेब एकेकाने एकदाच पैसे भरले असे धरून केला आहे. प्रत्यक्षात ह्या फेऱ्यांना पुनःप्रवेशाची सोय असते. बाद झालेल्याला पहिल्या तास-दोन तासांत पुन्हा पैसे भरून त्याच रात्री परत बसता येते. महाभारतातील द्यूताची कथा मराठी माणसाला सांगायला नको. सर्वस्व हरलेल्या युधिष्ठिराला धृतराष्ट्राने सारे परत दिले, तो परत निघाला, आणि वाटेतूनच दुसऱ्या द्यूताचे बोलावणे आल्यावर पुन्हा पटाशी येऊन बसला. पहिल्या द्यूताला मोह म्हणता येईल. वनवास घडवला तो दुसऱ्याने. पुनःप्रवेशाची खिडकी हे त्या दुसऱ्या बोलावण्याचे आजचे रूप आहे, आणि ती नेमकी अशा क्षणी उघडी ठेवलेली असते, ज्या क्षणी हरलेल्या माणसाचा विवेक सर्वांत दुबळा असतो.

ही जिन्याची कल्पना कुठून आली हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील लास व्हेगास शहरात १९७० साली एका कॅसिनोत 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' ही स्पर्धा सुरू झाली. १९७२ पासून तिच्या मुख्य स्पर्धेचे प्रवेशमूल्य दहा हजार डॉलर आहे. एवढी रक्कम एकरकमी टाकणारे थोडेच असणार, म्हणून लहान रकमांच्या पात्रता फेऱ्या निघाल्या. त्यांना सॅटेलाइट, म्हणजे उपग्रह, असे नाव पडले. अशा फेरीतून जागा मिळवून मुख्य स्पर्धा जिंकणारा पहिला माणूस टॉम मॅकएव्हॉय. ते साल होते १९८३. पुढे २००३ मध्ये टेनेसी राज्यातील एका तरुण हिशेबनिसाने इंटरनेटवर शंभराहूनही कमी डॉलर भरून पात्रता फेरी खेळली, तो मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि पंचवीस लक्ष डॉलर जिंकला. त्याचे आडनाव खरोखरच मनीमेकर, म्हणजे पैसा करणारा! जाहिरातदाराला ह्याहून अधिक काय हवे?

त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ जण होते. पुढच्या वर्षी, २००४ मध्ये, ते २,५७६ झाले. २००५ मध्ये ५,६१९ आणि २००६ मध्ये ८,७७३. तीन वर्षांत दहापट! मनीमेकरची गोष्ट आजही सांगितली जाते, आमच्या अर्जातही ती होती. परंतु त्या गोष्टीने काय घडवले ते ह्या आकड्यांत दिसते. जिंकणारा दरवर्षी एकच राहिला. वाढले ते पैसे भरणारे. एका माणसाचे भाग्य ही हजारो माणसांना खुर्चीकडे बोलावणारी घंटा झाली. पात्रता फेऱ्यांच्या धंद्यात विजेता हाच सर्वांत मोलाचा कामगार असतो, आणि त्याचा पगार हरणारे देतात.

ह्यावर सर्वांत भारदस्त युक्तिवाद केला जातो तो कौशल्याचा. पोकर हा नशिबाचा खेळ नाही, बुद्धीचा आहे, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. दीर्घकाळ, हजारो डाव खेळले तर गणित जाणणारा, माणसे ओळखणारा आणि स्वतःवर ताबा असणारा खेळाडू पुढे जातो, हे मी मान्य करतो. न्यायालयांतही ह्यावर पुष्कळ वाद झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. पोकरच्या बाबतीत गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली जुगार म्हणून निर्णय दिला, तर अन्य काही उच्च न्यायालयांनी त्याला कौशल्याच्या बाजूला ठेवले. महाराष्ट्रात लागू असलेला मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा आहे आणि तोही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देतो. पोकर निव्वळ कौशल्याचा आहे काय, ह्यावर वकिलांना आणखी पुष्कळ वर्षे काम पुरेल.

परंतु दीर्घकाळाचे कौशल्य एका रात्रीच्या पात्रता फेरीत किती उपयोगी पडते? स्वस्त फेरी लवकर संपवायची असते, म्हणून तिच्यात ब्लाइंड झपाट्याने वाढवतात. दोन-अडीच तासांत अशी वेळ येते की विचार करायला जागाच उरत नाही. जे पत्ते आले त्यांवर सगळ्या चिप पुढे सारायच्या आणि निकालाची वाट पाहायची. समजा, तुमच्या हाती दोन एक्के आहेत, म्हणजे ह्या खेळातला सर्वोत्तम आरंभ, आणि समोरच्याकडे दोन राजे. तरीही जिंकण्याची शक्यता शंभरातली सुमारे ब्याऐंशी. असा उत्तम प्रसंग लागोपाठ पाच वेळा आला आणि पाचही वेळा सर्वस्व पणाला लागले, तर पाचही जिंकण्याची शक्यता शंभरात सदतीस एवढीच उरते. ही झाली सर्वोत्तम पत्त्यांची कथा. जिथे प्रवेशमूल्य मोठे तिथे वेळही मोठा दिला जातो आणि कौशल्याला वाव मिळतो. जिथे प्रवेशमूल्य लहान तिथे घाई, आणि घाईत नशीबच राज्य करते. तेव्हा कौशल्याचा युक्तिवाद श्रीमंताच्या टेबलावर थोडाफार खरा आहे. आपल्या सभागृहात बसणाऱ्या मुलाच्या टेबलावर तो सर्वांत खोटा आहे.

आणि घटकाभर मानून चालू की सगळे कौशल्यच आहे. मग काय होते? मग जाणता माणूस अजाणत्याचे पैसे हमखास नेणार, हे आधीच ठरलेले आहे. टेबलावर नवा पैसा कुठूनही येत नाही. एकाची मिळकत म्हणजे दुसऱ्याची हानी, आणि वर शुल्क. मुरलेला खेळाडू ज्याची वाट पाहत बसतो तो नवशिका म्हणजे आपल्याच वाडीतला, नुकताच नोकरीला लागलेला मुलगा. खेळ नशिबाचा असेल तर तो जुगार आहे, आणि कौशल्याचा असेल तर दुबळ्याची शिकार आहे. ह्या दोहोंपैकी कोणते बिरुद आपल्या सभागृहाच्या दारावर लावायचे ते समर्थकांनी सांगावे.

"मग क्रिकेटच्या स्पर्धांनाही प्रवेशमूल्य असते की!" असेही मला ऐकवले गेले. असते. पण संघ हरला म्हणजे मुले घामाघूम होऊन, हसत-भांडत घरी जातात. त्रिफळा उडालेल्या फलंदाजाला आणखी पाचशे रुपये भरून पुन्हा खेळपट्टीवर उभे राहता येत नाही. तिथे पैसा खेळासाठी असतो. इथे खेळ पैशासाठी असतो.

आता त्या मुलाच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. हाऊजी चालते, मग हे का नको?

ख्रिस्तसभेची शिकवण ह्या बाबतीत पुष्कळांना वाटते तितकी कडक नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात नशिबाचे खेळ आणि पैजा ह्यांना स्वभावतः अन्यायकारक म्हटलेले नाही. मनुष्याच्या आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या गरजेचा पैसा जेव्हा त्यांत जातो तेव्हा ते नीतीला सोडून होतात, आणि जुगाराचा छंद दास्यात परिणत होण्याचा धोका असतो, असा त्या शिकवणीचा आशय आहे. बायबलमध्येही चिठ्ठ्या टाकण्याचे प्रसंग आहेत. यहूदाच्या रिकाम्या जागी प्रेषितांनी प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या आणि मथियाची निवड झाली. त्याच्या थोडेच दिवस आधी, क्रुसाच्या पायथ्याशी, शिपायांनी प्रभूच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कृती एकच, पण एकीकडे माणसे सेवेचा भार कोणी उचलावा हे ठरवत होती, आणि दुसरीकडे मरणाऱ्या माणसाचे वस्त्र कोणी न्यावे हे. चिठ्ठी पापी नाही. ती कशावर टाकली जाते आणि कोणाच्या जिवावर, हा प्रश्न आहे.

ह्या कसोटीवर हाऊजी लावून पाहू. सणाच्या संध्याकाळी आजी, सुना, नातवंडे एकत्र बसतात. तिकीट दहा-वीस रुपयांचे. आकडा पुकारला की हशा होतो. कोणाला कुकर मिळतो, कोणाला चादर. जिंकलेला कुकर घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी त्यात भात शिजतो. बक्षीस मिळाले की खेळ संपतो. पात्रता फेरीत मात्र बक्षीस मिळाले की खेळ सुरू होतो. साडेपाचशे रुपयांच्या सहज खेळासाठी घरून निघालेला मुलगा जिंकला, तर तो साडेपाच हजारांच्या टेबलावर बसणार. तिथे जिंकला तर पंचावन्न हजारांच्या. हरला, तर "इतका जवळ आलो होतो" ही सल घेऊन पुन्हा पहिल्या पायरीशी येणार. त्याच्या विजयाचे फळ त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात कधीच पोहोचत नाही. ते पुढच्या डावातच पेरले जाते. हाऊजी आणि पात्रता फेरी ह्यांतला फरक केवळ रकमेचा नाही, तो दिशेचा आहे.

तरीही त्या मुलाचा बाण अगदीच वाया गेला नाही, हे मला कबूल केले पाहिजे. आपल्या काही ठिकाणच्या हाऊज्या फुगत चालल्या आहेत. कुकर-चादरीच्या जागी दुचाकी आली, रोख रक्कम आली. तिकिटांची पुस्तके धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांच्या हाती देऊन खपवली जातात. लहान मुलाच्या तोंडून "काकी, तिकीट घ्या ना" असे म्हणवून घेणे मला शोभत नाही असे वाटते. आपण स्वतःच्या घरातली ही रेषा पुसट केली, म्हणून त्या मुलाला ती दिसली नाही. त्याला नाही म्हणायचे असेल तर आपल्यालाही काही गोष्टींना नाही म्हणावे लागेल.

एक बाब गोव्याविषयी. गोव्यात मांडवी नदीत नांगरलेल्या कॅसिनोंच्या बोटींना तेथील अनेक नागरिकांनी आणि ख्रिस्ती संस्थांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. त्या राज्याने १९७६ च्या आपल्या जुगारविषयक कायद्यात पुढे दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांना आणि बोटींना परवानगी दिली. पण त्याच राज्याच्या सरकारने फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळण्यास बंदी केली. ह्याचा अर्थ काय होतो? ज्या राज्याला ह्या धंद्याचा महसूल हवा आहे, त्याच राज्याला आपली मुले तिथे बसलेली नको आहेत! आपल्या लेकरांसाठी जे विष आहे ते पाहुण्यासाठी पक्वान्न, असा हा न्याय. आणि पाहुणे कोण? आपण. उत्तर कोकणातून रात्रीची गाडी धरून जाणारी आपली मुले. महाराष्ट्रानेही कॅसिनोंसाठी १९७६ साली केलेला, पण कधीच अमलात न आणलेला कायदा २०२३ मध्ये रद्द करून ती वाट बंद केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, कौशल्य असो वा नशीब, बंदीचा कायदा केला. फोनवरचा जिना असा काढून घेतला गेल्यावर पहिल्या पायरीसाठी लाकडी टेबले आणि मोकळी सभागृहे हवीशी वाटली, तर त्यात नवल नाही. सभागृहे कोणाकडे आहेत? धर्मग्रामांकडे. विश्वास कोणावर आहे? चर्चवर. आईबाप मुलाला रात्री अकरापर्यंत कुठे राहू देतील? चर्चच्या अंगणात. आपल्याकडून भाड्याने मागितला जातो आहे तो केवळ हॉल नाही, तो हा विश्वास आहे.

आणि तो किती रुपयांना? हिशेब पुन्हा पाहावा. छपराला मिळणार ६,०५० रुपये. त्यासाठी धर्मग्रामातील १२१ घरांतून बाहेर पडणार ६६,५५० रुपये. त्याच १२१ जणांनी येत्या रविवारी दानपेटीत प्रत्येकी पन्नास रुपये टाकले, तर छपराला तेवढीच रक्कम मिळेल आणि ६०,५०० रुपये घराघरांत राहतील. ह्याहून सोपे गणित माझ्याजवळ नाही.

लहान लहान रकमा एकत्र करण्याची विद्या आपल्या समाजाला नवी नाही. आपल्या बायका भिशी लावतात. अकरा जणी दरमहा पाचशे रुपये टाकतात, दर महिन्याला एकीला ५,५०० मिळतात, आणि अकरा महिन्यांत अकराही जणींची पाळी येते. कोणाचे घरटे शाकारले जाते, कोणाच्या मुलाची फी भरली जाते. चिठ्ठी तिथेही काढतात. पण ती पाळी ठरवण्यासाठी, कोणाला बुडवायचे हे ठरवण्यासाठी नव्हे. पात्रता फेरीही अकरा जणांचेच पाचशे रुपये गोळा करते. पण दहा जणांची पाळी कधीच येत नाही, आणि अकराव्याच्या हाती पडतो तो पुढच्या डावाचा कागद. १९१८ साली वसईत आपल्या पूर्वजांनी कॅथॉलिक पतसंस्था उभी केली ती सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी. आज ती मोठी सहकारी बँक आहे. चार-चार आण्यांची किंमत ज्यांनी ओळखली त्यांच्या पतवंडांनी साडेपाचशे रुपयांना "सिनेमाच्या तिकिटाएवढे तर आहेत" म्हणावे, ह्याचे वाईट वाटते.

म्हणून पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. पहिली, सभागृह ह्या फेऱ्यांना देऊ नये. निधी चर्चचा असो वा दुसऱ्या कोणत्या सत्कार्याचा, उत्तर तेच असावे. दुसरी, आपल्या हाऊजी-रॅफलला मर्यादा घालावी: रोख बक्षीस नको, मुलांच्या हाती तिकिटे नकोत, आणि जमाखर्च पुढच्या रविवारी चर्चच्या फलकावर लागावा. तिसरी सर्वांत महत्त्वाची. ज्या घरांत हे कर्ज आधीच शिरले आहे, आणि ती घरे नाहीत असे कोणी समजू नये, त्यांच्याकडे बोट दाखवू नये. त्या मुलाला पापनिवेदनाच्या खुर्चीशी क्षमा मिळेलच. पण बाहेर आल्यावर कर्ज फेडण्याची वाट दाखवणारी, त्याच्या बायकोशी आणि वडिलांशी शांतपणे बोलणारी दोन प्रौढ माणसेही त्याला मिळाली पाहिजेत. ते काम परिषदेने अंगावर घ्यावे.

अर्ज करणाऱ्या तरुणांविषयी माझ्या मनात राग नाही. छप्पर गळते हे त्यांना दिसले आणि काहीतरी करावेसे वाटले, हे मोठ्यांपैकी अनेकांना सुचले नव्हते. त्यांना नुसते 'नाही' सांगून परत पाठवू नये. निधीचे काम त्यांच्याच हाती सोपवावे. पण एवढे त्यांना जरूर विचारावे, की पात्रता, पात्रता म्हणून ज्या शब्दाचा तुम्ही जप करता, ती पात्रता कशाची? १२० जणांना मागे टाकून कोणी एक जण अधिक महाग टेबलावर हरण्यास पात्र ठरतो, एवढाच तिचा अर्थ आहे. आपल्या मुलांनी ह्याहून चांगल्या गोष्टींसाठी पात्र ठरावे, अशी अपेक्षा धर्मग्रामाने धरली तर ती फार मोठी नव्हे.